मुलीला इलेक्ट्रो-अकूस्टिक संगीतात करिअर करायचे आहे. त्यासाठी घर तारण ठेवावे का?

पत्र : मी संगीत विशारद असून नागपुरात, प्रतापनगरला, घरीच गायनाच्या शिकवण्या घेते. माझी मुलगी २५ वर्षांची आहे. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर असून मिहानमधील एका आयटी कंपनीत नोकरी करते. लहानपणी ती काही वर्षे व्हायोलिन शिकली. आता रात्र-रात्र संगणकापुढे बसून ती ‘इलेक्ट्रो-अकूस्टिक’ रचना करते, म्हणजे मुद्रित केलेले आवाज संगणकावर बदलून, जोडून त्यांचे संगीत घडवते. अजनीच्या पुलावर जाऊन मालगाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून आणते. माझ्या तानपुऱ्याचेही तिने तेच केले. तिने मला अकरा मिनिटांची एक रचना ऐकवली. तिच्यात मला ना राग सापडला, ना ताल. युरोपातील एका खासगी संस्थेने तिला एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश दिला असून फी आणि राहण्याचा खर्च मिळून २६ लाख रुपये लागतील. तिचे बाबा त्यासाठी फ्लॅट तारण ठेवायला तयार आहेत, मी नाही. तिला महिन्याभरात राजीनामा द्यायचा आहे. या संगीतात खरोखर करिअर असते का? असल्यास पोट कशावर भरते? आणि एवढीच आवड असेल तर मुंबईला जाऊन सिनेमाचे संगीत का करू नये? शिवाय सध्या स्थळेही येत आहेत. — एक आई, नागपूर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. या संगीताचे रचनाकार जगात आहेत, त्यांच्या रचना सभागृहांत वाजतात, त्यांना मानसन्मान मिळतात आणि त्यांचे संसारही चालतात. मात्र रचना विकून संसार चालला, असे फार क्वचित घडते, आणि तुमच्या घरातला सध्याचा वाद नेमका इथेच अडलेला दिसतो. मुलीला वाटते की शिक्षण पुरे झाले की रचनांना मागणी येईल. तिच्या बाबांना वाटते की फी एवढी मोठी आहे त्या अर्थी पुढची मिळकतही तशीच असेल. आणि तुम्हाला वाटते की ज्याला गिऱ्हाईक नाही तो व्यवसायच नव्हे. माझे मत आधीच सांगून टाकतो. राजीनामा आत्ता नको, घर तारण ठेवणे मुळीच नको, पण तिचे काम हे खूळ आहे असे समजून ते बंद पाडणेही नको.

आधी मालगाड्यांविषयी. आपले आकाशवाणीचे नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसच्या रेडिओवरून पिएर शेफर या रेडिओ अभियंत्याने मुद्रित आवाजांपासून घडवलेल्या काही छोट्या रचना प्रसारित केल्या. त्यांतली जी सर्वांत गाजली ती केवळ आगगाडीच्या आवाजांची होती. बातिन्योल स्थानकावर जाऊन त्यांनी इंजिनांच्या शिट्ट्या, वाफेचे फुत्कार आणि रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांचे ठोके तबकड्यांवर मुद्रित केले होते. त्यांच्यापाशी तेव्हा टेपसुद्धा नव्हती. तबकडीवरची खाच पुढे सरकू न देता बंद वर्तुळासारखी कापली की सुई तिथल्या तिथे फिरत राहते आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा समेवर येतो. या युक्तीने त्यांनी चाकांच्या ठोक्यांची आवर्तने बांधली. तेव्हा मुलगी अजनीच्या पुलावर रेकॉर्डर घेऊन उभी राहते म्हणून चिंता करण्याचे कारण नाही. ती ज्या वाटेने चालली आहे त्या वाटेला पाऊणशे वर्षांची परंपरा आहे. (रुळांवर किंवा यार्डात विनापरवाना उतरू नकोस, एवढे मात्र तिला बजावून सांगा. रेल्वे पोलिसांना शेफर ठाऊक नसतात.)

या इतिहासाची पोटापाण्याची बाजू सहसा कोणी सांगत नाही, आणि तुम्ही विचारले आहे ते तेच. शेफर हे रेडिओचे पगारी नोकर होते. १९५१ मध्ये कोलोनला, १९५५ मध्ये मिलानला आणि त्याच वर्षी टोकियोला इलेक्ट्रॉनिक संगीताचे जे स्टुडिओ निघाले ते सर्व सार्वजनिक रेडिओच्या छत्राखाली निघाले, कारण ध्वनिलेखनाची महागडी यंत्रे आणि ती चालती ठेवणारे तंत्रज्ञ त्या काळी तिथेच होते. अमेरिकेत हा भार विद्यापीठांनी उचलला. रचनाकार मारिओ दाविदोव्स्की अर्जेंटिनाहून तिकडे गेले, कोलंबिया-प्रिन्स्टनच्या स्टुडिओत त्यांनी उमेदीची वर्षे काढली आणि पियानो व इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांसाठी लिहिलेल्या त्यांच्या रचनेला १९७१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले; तरीही त्यांचा चरितार्थ प्राध्यापकीवर होता. पॅरिसमध्ये फ्रेंच रचनाकार पिएर बूलेझ यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये इर्काम ही संगीताची संशोधनसंस्था उघडली, ती फ्रेंच सरकारच्या पैशावर. रचनाकार यानिस झेनाकिस तर १९४७ पासून १९५९ पर्यंत वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्या कचेरीत अभियंता म्हणून काम करीत होते. ब्रसेल्सच्या १९५८ च्या प्रदर्शनातील फिलिप्स कंपनीच्या दालनाची वाकडीतिकडी, तंबूसारखी बांधणी त्यांच्या हातची आहे, आणि त्यांच्या संगीताचा बोलबाला सुरू झाला तेव्हाही त्यांची ही नोकरी चालूच होती. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले डॉ. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात अनेक वर्षे नोकरी करीत होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल. नोकरी करणे म्हणजे कलेशी प्रतारणा, ही समजूत तुमच्या मुलीच्या डोक्यात कोणी भरवली असेल तर ती आधी काढून टाकायला हवी.

आता तुमच्या तक्रारीकडे वळतो. राग सापडला नाही, ताल सापडला नाही, मग हे संगीत कसे? तुम्ही गायिका आहात म्हणून तानपुऱ्यावरूनच बोलू. जवारी लावताना तुम्ही घोडीवर तारेखालचा दोरा सरकवता. तो केसभर इकडेतिकडे झाला की त्याच तारेतून निघणाऱ्या वरच्या स्वरांचे प्रमाण बदलते, आणि खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार नीट उमटला की नाही, याचा निवाडा तुम्ही कानाने करता. तुमची मुलगी संगणकाच्या पडद्यावर तेच पाहत असते. सर्वांत खाली मूळ स्वराची रेघ, तिच्यावर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येच्या रेघा आणि पाचपटीची जी रेघ, तोच तुमचा गंधार. जवारी खुलली की वरच्या रेघा उजळतात आणि तार विरत जाते तशा त्या एकामागून एक पुसट होतात. या रेघांपैकी काही ताणायच्या, काही दाबायच्या, त्यांच्यातून नवे स्वरसमूह काढून ते व्हायोलिन-चेलोला वाजवायला द्यायचे, ही या संगीतातली एक मोठी रीत आहे. जोनाथन हार्वे या ब्रिटिश रचनाकारांनी १९८० मध्ये इर्काममध्ये विंचेस्टर कॅथीड्रलच्या सर्वांत मोठ्या घंटेच्या नादाचे असेच पृथक्करण केले आणि त्यातून मिळालेले स्वर व तिथल्या गायकवृंदात गाणाऱ्या आपल्या मुलाचा आवाज, एवढ्याच सामग्रीतून एक रचना उभी केली. त्या घंटेचे स्वर कोणत्याही सप्तकात नेमके बसत नाहीत, तरी संपूर्ण रचना त्यांच्याच आधाराने उभी राहते.

तेव्हा पुढच्या वेळी मुलीची रचना ऐकाल तेव्हा राग शोधू नका. एखादा नाद कसा उगवतो, कशात मिसळतो, कशाने झाकला जातो आणि कुठे संपतो, याकडे कान द्या. तरीही आवडले नाही तर आवडले नाही असे स्पष्ट सांगा. या प्रकारातले पुष्कळसे संगीत मलाही कंटाळवाणे वाटते. पण ख्यालगायनातही सगळ्याच मैफली रंगतात असे थोडेच आहे.

तुमच्या मुलीने ज्यांच्या वाटचालीचा अभ्यास करावा असे मला वाटते, त्या आहेत फिनलंडच्या रचनाकार काइया सारिआहो. त्यांचा जन्म १९५२ चा, हेलसिंकीतला. लहानपणी त्याही व्हायोलिन शिकल्या. पुढे हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत त्यांनी रचनेचे शिक्षण घेतले, नंतर जर्मनीत फ्रायबुर्गला शिकल्या आणि १९८२ मध्ये पॅरिसला इर्काममध्ये आल्या. एवढे वाचून तुमची मुलगी म्हणेल, ‘बघ, त्याही परदेशी गेल्या होत्या.’ खरे आहे. पण परदेशी जाण्यापूर्वीच त्यांनी काय केले होते ते पाहावे. १९७७ मध्ये हेलसिंकीतल्या काही तरुण मंडळींनी एकत्र येऊन एक संस्था काढली, स्वतःच कार्यक्रम ठरवले आणि एकमेकांच्या रचना वाजवल्या, वाजवून घेतल्या. त्या मंडळींत सारिआहो होत्या, रचनाकार माग्नुस लिंडबर्ग होते आणि पुढे जगप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक झालेले एसा-पेक्का सालोनेनही होते. चेलोवादक आन्सी कार्टुनेन आणि बासरीवादक कॅमिला होइटेंगा यांच्याशी सारिआहो यांची जोडी अशीच तरुणपणी जमली आणि ती त्यांच्या अखेरपर्यंत टिकली. १९९२ मध्ये होइटेंगा यांच्यासाठी त्यांनी बासरी आणि इलेक्ट्रॉनिक्सची जी रचना केली, तिच्यात वादिका फुंकता फुंकता बासरीतच शब्द कुजबुजते आणि ते शब्द संगणकाकडून सभागृहभर पसरतात. अशी गोष्ट बंद खोलीत एकटीने सुचत नाही. कोणीतरी वाद्य हातात घेऊन समोर बसलेले असावे लागते, ‘हे जमेल, हे जमणार नाही, पण हे कसे वाटते पाहा’ असे म्हणणारे. १९८७ मध्ये क्रोनोस क्वार्टेटसाठी त्यांनी चार तंतुवाद्ये आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची रचना लिहिली, २००० मध्ये साल्झबुर्गला त्यांचा पहिला ऑपेरा रंगमंचावर आला, आणि तोच ऑपेरा २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाला तेव्हा तिथे १९०३ नंतर प्रथमच एका स्त्री रचनाकाराचे काम होत होते. २०२३ मध्ये त्या गेल्या. या सगळ्या प्रवासात पदव्यांपेक्षा वादकांची नावे अधिक येतात, हे लक्षात घ्या.

म्हणूनच मुलीला विचारण्याचा खरा प्रश्न ‘यातून किती मिळेल?’ हा नसून ‘तुझे संगीत कोण वाजवते?’ हा आहे. तुमच्या पत्रावरून या घडीला त्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे दिसते. तिच्यापाशी अकरा मिनिटांची ध्वनिफीत आहे. ती ऐकायला बटण दाबले की पुरे. अशा निव्वळ ध्वनिफितीच्या रचनांचीही परंपरा आहे आणि त्यांत श्रेष्ठ काम झालेले आहे, पण चेंबर संगीताची, म्हणजे मोजक्या वादकांसाठीच्या संगीताची, रचनाकार व्हायचे असेल तर दोन-चार माणसे एकत्र बसून ते वाजवणार, त्यांना दम लागणार, त्यांची बोटे अडखळणार, हे गृहीत धरून लिहावे लागते. ध्वनिफीत आणि वादक यांना एकत्र आणले की खरी परीक्षा सुरू होते. तुम्ही शिष्यांना यंत्रावरच्या तबल्याबरोबर बसवता तेव्हा काय होते ते आठवा: तबलजी गवयाकडे पाहून किंचित थांबतो, यंत्र थांबत नाही. ध्वनिफितीबरोबर वाजवणाऱ्याचेही तसेच होते. त्याच्या कानात ठोक्यांचा आवाज सोडावा लागतो, नाहीतर त्याने घड्याळाकडे पाहत वाजवायचे. आणि एकदा का तो मागे पडला की त्याला पुन्हा कुठे गाठता येईल अशा जागा रचनाकाराने आधीच ठेवाव्या लागतात. दुसरी रीत अशी की संगणकालाच वादकाचे ऐकायला लावायचे. मायक्रोफोनमधून आलेला सूर तो त्याच क्षणी बदलतो, लांबवतो, पुढच्या टप्प्यावर जातो. यात तुमच्या मुलीचे इंजिनिअरिंग अतिशय उपयोगी पडेल, आणि यात चुकण्याच्या शक्यताही तितक्याच आहेत, कारण ऐन कार्यक्रमात संगणक भलत्याच सुराला ‘सा’ समजू शकतो.

नागपुरात असे वादक कुठून आणायचे, असे ती म्हणेल. स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा पाश्चात्त्य संच, मिळणार नाही, हे मान्य. पण उत्तम बासरी, व्हायोलिन, संवादिनी आणि तबला वाजवणारे लोक तुमच्याच ओळखीत असतील. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचणारी माणसेही आपल्याला वाटतात तितकी दुर्मीळ नाहीत. कामठीच्या छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे केंद्र आहे, लष्करी बँडवाल्यांचे संगीतशिक्षण पचमढीला स्टाफ नोटेशनवरच होते, आणि क्लॅरिनेट किंवा फ्लूट वाजवणारा एखादा निवृत्त बँडवादक कामठी-नागपूरच्या परिसरात स्थायिक झालेला सापडणे अवघड नाही. सदर भागातल्या चर्चमधल्या गायकवृंदांकडे चौकशी केली तर कागदावरचे चार आवाज वाचून गाणारी मंडळीही भेटतील. तिने दोन वादक आणि संगणक एवढ्यांसाठी सात-आठ मिनिटांची एक रचना लिहावी, प्रत्येक वादकाचे स्वतंत्र कागद तयार करावेत, तालमी घ्याव्यात, त्यांचे ऐकून रचना बदलावी आणि ती जाहीरपणे सादर करावी. त्यासाठी देशपांडे सभागृह घेण्याची गरज नाही. चाळीस-पन्नास खुर्च्या मावतील अशी खोली, चार बरे स्पीकर आणि रहदारीचा आवाज आत येणार नाही अशी वेळ, एवढे पुरते. ताई, त्या दोन वादकांच्या जागी एका बाजूला तुमचा आवाज आणि तुमचाच तानपुरा असायलाही माझी हरकत नाही. तुमच्या घरात तीस-चाळीस वर्षांचा रियाज केलेला गळा आहे आणि मुलगी मालगाड्यांच्या मागे फिरते आहे, हे मला जरा गमतीचेच वाटले.

कच्च्या मालाबद्दल तर बोलायलाच नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत महाल भागातल्या गल्ल्यांतून जो गजर होतो, किंवा संदलच्या मिरवणुकीत ट्रकवर चढवलेली धुमाल पार्टी जे वाजवते, ते युरोपातल्या कोणत्याही स्टुडिओत ऐकायला मिळणार नाही.

मुंबई आणि सिनेमाचा मार्ग तुम्ही सुचवला आहे. तो वाईट नाही, पण तो हाच मार्ग आहे असे समजू नका. संगीतकार वनराज भाटिया यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. लंडनची रॉयल अकादमी आणि पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्यासारख्या गुरू, असे त्या काळातले सर्वोत्तम पाश्चात्त्य शिक्षण घेऊन ते १९५९ मध्ये भारतात परतले. दिल्ली विद्यापीठात काही वर्षे त्यांनी पाश्चात्त्य संगीत शिकवले. मग जाहिरातींच्या हजारो धून, श्याम बेनेगल यांचे चित्रपट, दूरदर्शनच्या मालिका. १९८८ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ज्या चेंबर आणि वाद्यवृंदाच्या रचनांसाठी ते शिकले होते त्यांना इथे नियमित वाजवणारे मिळाले नाहीत, आणि अखेरच्या वर्षांत त्यांची आर्थिक ओढाताण झाल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. २०२१ मध्ये ते वारले. त्यांची विद्या कमी पडली असे कोण म्हणेल? कमी पडले ते वादक आणि आश्रय.

अहमदाबादची हकीकतही तशीच आहे. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर हे विजेवर ध्वनी निर्माण करणारे यंत्र बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ मांडून दिला. त्यामागे गीता साराभाई यांची खटपट होती. त्याच गीताबेन, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन रचनाकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली. अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा अशा मंडळींनी तिथे रचना केल्या. काही वर्षांतच ते काम थांबले, टेप कपाटात पडून राहिल्या आणि त्या लोकांनी ऐकल्या त्या २०२३ मध्ये, संग्रह प्रकाशित झाल्यावर. यंत्रे आली होती, प्रतिभाही होती. ते संगीत नियमाने सादर करणारी आणि ऐकणारी मंडळी मात्र भोवती जमली नाहीत.

सिनेमाकडे वळायचेच असेल तर गाणी करण्यापेक्षा ध्वनिसंकल्पन (साउंड डिझाइन) तिच्या हाताला अधिक जवळचे आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंकल्पन यांचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि बारावीला भौतिकशास्त्र घेतलेल्या पदवीधराला त्याची प्रवेशपरीक्षा देता येते. आवाज कसा पकडावा, कसा जपावा आणि कशाशेजारी ठेवावा, हे तिथे जितके कसून शिकवले जाते तितके फार थोड्या ठिकाणी शिकवले जात असेल. पुढे त्यात नियमित कामही मिळते. मात्र तिथे आवाज चित्राच्या चाकरीत असतो, आणि हे तुमच्या मुलीला मानवेल की नाही ते तिनेच ठरवावे.

आता पैशाचा हिशेब. बाहेरच्या देशांत रचनाकाराला एखादा वाद्यवृंद किंवा महोत्सव रचना लिहून देण्यासाठी मानधन देतो, प्रयोगामागे स्वामित्वधन मिळते, शिष्यवृत्त्या आणि निवासी उपक्रम असतात. पण एका रचनेवर चार-सहा महिने जातात हे ध्यानात घेतले तर त्यावर घर चालणे कठीण, म्हणून बहुतेक जण शिकवतात किंवा तांत्रिक काम करतात. ‘रचना मागवत आहोत’ अशा जाहिरातींचा सुळसुळाट आहे. त्यांतल्या काही प्रतिष्ठित असतात, काही निव्वळ प्रवेशशुल्कावर चालतात, आणि अनेक परिषदांमध्ये निवड झालेल्या रचनाकारालाच नोंदणीचे पैसे भरून स्वखर्चाने जावे लागते. तरुणांच्या स्पर्धांना तीस किंवा पस्तीस वर्षांची वयोमर्यादा असते, त्यामुळे तिच्या हाती काही वर्षे आहेत, पण अमर्याद नाहीत. आपल्या कायद्यानुसार संगीतकृतीवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. प्रत्येक रचनेचा लिखित मसुदा आणि ध्वनिमुद्रण तारखेसह जपून ठेवण्याची सवय तिने आतापासून लावावी, आणि कोणत्याही करारावर सही करताना हक्क कायमचे देऊन टाकत नाही ना, हे वाचून घ्यावे.

राहिला २६ लाखांचा अभ्यासक्रम. एका वर्षासाठी एवढी रक्कम घेणाऱ्या खासगी संस्थेबद्दल मला पहिली शंका ही येते की त्या वर्षात तिच्या किती रचना खऱ्या वादकांकडून वाजवून घेतल्या जाणार आहेत. हा प्रश्न तिने संस्थेला विचारावा. उत्तर गुळमुळीत आले तर तोच निकाल समजावा. जर्मनीत बहुतेक राज्यांतील सरकारी संगीत विद्यापीठांत फी नाममात्र असते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे सारिआहो जिथे शिकल्या त्या फ्रायबुर्गच्या राज्यात, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १५०० युरो घेतात, तरी २६ लाखांपुढे ते काहीच नाही. व्हिसासाठी मात्र राहण्या-जेवण्याचे वर्षाचे पैसे, अलीकडच्या नियमानुसार ११,९०४ युरो, आधीच खात्यात दाखवावे लागतात. ते संस्थेच्या खिशात जात नाहीत, महिन्याकाठी तिलाच मिळतात. हेग येथील रॉयल कॉन्झर्व्हेटरीतील सोनॉलॉजी विभाग खास याच विद्येचा आहे. या सगळ्या ठिकाणी प्रवेश अवघड आहे आणि तो पदवीच्या कागदापेक्षा दोन-तीन रचनांचे लेखन व त्यांची ध्वनिमुद्रणे यांवर ठरतो. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: वाजवले कोणी? जर्मन भाषेचीही अट असते, तिचे वर्ग नोकरी सांभाळून करता येतात. जे. एन. टाटा एन्डाऊमेंटचे शिष्यवृत्ती-कर्ज पदव्युत्तर शिक्षणासाठी १८९२ पासून दिले जात आहे. त्याची चौकशी घर तारण ठेवण्यापूर्वी व्हायला हवी होती.

दरम्यान शिकण्यासाठी पैसे लागतातच असे नाही. प्युअर डेटा आणि सुपरकोलायडर ही या क्षेत्रात सर्वत्र वापरली जाणारी सॉफ्टवेअर मोफत आहेत, स्वरलेखनासाठी म्यूझस्कोरही मोफत आहे. तिची उणीव मला स्टाफ नोटेशन आणि स्वरसंवादाच्या (हार्मनीच्या) अभ्यासात दिसते. लंडनच्या ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संगीतशास्त्राच्या लेखी परीक्षा तिने द्याव्यात. त्या आपल्या विशारदच्या शास्त्राच्या पेपरांपेक्षा कठीण नाहीत.

स्थळांविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, मीही एकच लिहितो: जो मुलगा तिची अकरा मिनिटांची रचना शेवटपर्यंत ऐकून घेईल त्याला चहाला बोलवा, बाकीचे तिच्यावर सोपवा.

तिच्या बाबांना फ्लॅटची कागदपत्रे परत कपाटात ठेवायला सांगा. तिने त्या संस्थेला या आठवड्यातच लिहावे आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, त्यासाठी काही रक्कम भरावी लागेल का आणि न गेल्यास ती परत मिळेल का, या तिन्ही गोष्टींची उत्तरे लेखी मागवावीत. उत्तर येईपर्यंत एक रुपयाही पाठवू नये. आणि राजीनाम्याऐवजी तिने वरिष्ठांकडे शनिवार-रविवारची पाळी टाळण्याची विनंती करावी, कारण तालमीसाठी वादकांना वेळ असतो तो त्याच दोन दिवशी.